मोरेश्वरांनी टाकलेला शब्द

मोरेश्वर पेंडसे यांचा जिभेवर ताबा असता, तर हा प्रसंग ओढवलाच नसता. शनिवारी मित्राकडे, देवांगकडे, मिसळ खाताना त्याने रडगाणं गायलं. त्याच्या नव्या कंपनीने लोकांनी सांगूनही त्यांची माहिती पुसली नव्हती आणि राज्याच्या प्रायव्हसी एजन्सीने चौकशी लावली होती. मोरेश्वरांची लेक हिमानी त्याच एजन्सीत वकील. झालं, मोरेश्वरांनी छाती फुगवून सांगून टाकलं, काळजी सोड, मी शब्द टाकतो.

परदेशात, सनीव्हेलला आल्यापासून ते हेच करत आले होते. कुणाला अपार्टमेंट हवं, कुणाला नोकरी, मोरेश्वर शब्द टाकत आणि काम होई. आपल्या माणसासाठी एवढंही करायचं नाही तर कमाल झाली, असं त्यांना मनापासून वाटे.

रविवारी हिमानी सॅक्रामेंटोहून जेवायला आली. वरणभात वाढता वाढता त्यांनी विषय काढला. देवांगकाकाने तुला ड्रायव्हिंग शिकवलं, हेही वर जोडलं. हिमानीचा घास हातातच राहिला. काका त्या कंपनीत आहे हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि ती वर्षभर याच केसवर राबत होती.

एजन्सी स्वतंत्र आहे, तिथे मोठ्या कंपनीचं चालत नाही, तसं बाबांचंही चालत नाही, असं तिने शांतपणे समजावलं. मग म्हणाली, "आता मला बॉसला हे सगळं डिस्क्लोज करावं लागेल. केस दुसऱ्या कुणाकडे जाईल."

"अगं, पण कळणार कुणाला? आपण दोघंच तर आहोत."

"मला कळलं ना, बाबा."

मोरेश्वरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पोरीचं कौतुक सांगत गावभर हिंडायचं, तिच्याच वर्षाच्या कष्टांवर त्यांनी पाणी फिरवलं होतं. आणि तरी, समोर बसलेल्या तिच्याकडे बघताना त्यांचा ऊर भरून येत होता, त्याला ते तरी काय करणार?

जेवणं झाल्यावर हिमानीने लॅपटॉप उघडला. चार ओळी टाइप करून तिची बोटं थांबली.

"बाबा, सॉरी. तुझं नाव लिहावं लागेल."

मोरेश्वर तिच्या शेजारी येऊन बसले.

"लिही की, पूर्ण लिही. आणि त्याच्यापुढे हेही लिही, की मुलगी नाही म्हणाली."