वाऱ्यातली पाळी

माझ्या सीटखालच्या नळीवर, जोडापासून चार बोटं वर, पितळेचा एक थेंब गोठलेला आहे. गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढा. सदतीस वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावच्या कारागिराने माझ्या पोलादी नळ्या जोडल्या, तेव्हा तो त्याच्या हातून सांडला. घासून काढायला मिनिटभर पुरलं असतं, पण त्याने तसाच वरून निळा रंग दिला. मित्रांनो, मी शर्यतीची एक जुनी सायकल आहे आणि माझ्यातली पहिली चूक माझ्याच वयाची आहे.

मला घेतलं अर्न नोस्केने. विमेरा भागातल्या सपाट रानात त्याचं गव्हाचं शेत होतं. पंधरा मोसम आम्ही दर शनिवारी क्लबच्या शर्यतीत पळलो. आमच्याकडे सगळे एकदम सुटत नाहीत. सर्वांत हळू चालवणारे आधी सुटतात, मग त्यांच्याहून बरे, असं गटागटाने. सर्वांत वेगवान गट शेवटी सुटतो आणि पुढच्यांना गाठू बघतो. वेळा नीट लावल्या असतील, तर म्हातारे आणि तरणे शेवटच्या सरळ रस्त्यावर जवळजवळ एकत्र येतात. अर्न शेवटच्या गटात असायचा. "निळी आली," असं म्हणत रस्त्याकडेचे लोक वळून बघायचे. ते बोलणं मला आवडायचं, हे कबूल करते.

पुढे अर्नचा गुडघा गेला. तो शर्यतीच्या वेळा लावू लागला आणि मी शेडमध्ये आकड्याला उलटी लटकले. एकोणीस वर्षं. साखळी गंजली, टायरांना भेगा पडल्या, दर सुगीला भुशाचा थर बसला. चाक फिरलं नाही की बेअरिंगमधलं वंगण एका बाजूला उतरून घट्ट होतं. मनाचंही तसंच काहीसं होतं.

गावातल्या धान्याच्या कोठारावर कोराली प्रायर नावाची बाई गव्हातला ओलावा तपासायची. वय बेचाळीस. ती एका जड सायकलवरून कामाला यायची. एकदा अर्न तिला म्हणाला, "हा लोखंडी पलंग कशाला ओढत असतेस? माझ्याकडे एक निळी लटकली आहे. घेऊन जा, नाहीतर उंदीर चालवायला शिकतील."

कोरालीने मला पूर्ण सुटी केली. प्रत्येक बेअरिंगमधल्या गोळ्या मोजल्या, पुसल्या, नवं वंगण भरलं. वर्षभर आम्ही रोज सकाळी वीस किलोमीटर फिरलो. मग तिने पहिल्या शर्यतीत नाव दिलं.

अर्नने तिला सर्वांत पुढच्या गटात घातलं. तिच्यासकट चौघं होती. त्यांतला डेस टुइग एकाहत्तर वर्षांचा होता आणि सव्वीस वर्षांत एकही शर्यत जिंकला नव्हता. शेवटच्या गटाच्या बावीस मिनिटं आधी आम्ही सुटलो. पश्चिमेचा वारा समोरून येत होता. अशा वाऱ्यात एकाने अर्धा मिनिट पुढे राहायचं, मग बाजूला होऊन मागे यायचं, की दुसरा पुढे. पुढच्याच्या मागे हातभर अंतर ठेवलं, तर जवळपास तिसरा हिस्सा श्रम वाचतात. कोरालीला हा हिशेब ठाऊक होता. पण बाराव्या किलोमीटरला तिची पाळी आली, पाय हलके वाटले आणि ती बाजूला झालीच नाही. उलट तिने वेग वाढवला.

"अगं ए, कुठे पळतेस?" डेस मागून ओरडला. "आम्ही चावत नाही."

तिला ते कौतुक वाटलं. सहा किलोमीटर ती एकटी पुढे होती. मग वाऱ्याने तिला रिकामी केली आणि एकेक गट आमच्या शेजारून निघून गेला, डेसचाही. तिघंच उरल्यामुळे त्यांचाही वेग पडला होता. शेवटची रेषा तीनशे मीटरवर असताना वेगवान गटाने त्यांना गाठलं. आम्ही सर्वांत शेवटी पोचलो.

क्लबच्या हॉलमध्ये चहा चालू होता. डेस कोरालीला म्हणाला, "चौघं असतो तर त्यांच्याआधी पोचलो असतो. असो. सँडविच घे, अंड्याचं बरं आहे."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही, म्हणून ते तिला जास्त लागलं.

त्यानंतर दोन वर्षं ती दर शनिवारी वळणावर झेंडा धरून उभी राहिली, गाड्या थांबवायला. मला कुंपणाला टेकवून ठेवायची. निघताना अर्न विचारायचा, "नाव घालू?" ती म्हणायची, "पुढच्या शनिवारी."

"हिचा पुढचा शनिवार ईस्टरसारखा आहे," डेस म्हणायचा. "दर वर्षी तारीख बदलते."

त्या दोन वर्षांत मला तेल मिळालं, फडकं मिळालं, टायरमध्ये नेमकी हवा मिळाली. पण मित्रांनो, काळजी एवढ्यावर संपत नाही. जी वस्तू ज्या कामासाठी घडली, ते काम तिच्याकडून घ्या. आम्हाला पुसा, पण भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि एकदा चुकलेल्या माणसालाही कुंपणाशी उभं ठेवू नका, मग ते माणूस तुम्ही स्वतः असलात तरी.

ऑगस्टअखेर मोसमाची शेवटची शर्यत आली. पुन्हा पश्चिमेचा वारा. पुढच्या गटातला एक जण गाव सोडून गेला होता, एक खोकल्याने घरी होता. उरले डेस आणि या मोसमात गटात आलेली शाळेची ग्रंथपाल वेंडी.

अर्न कागद बघत म्हणाला, "या वाऱ्यात दोघांनी अठ्ठेचाळीस किलोमीटर? डेस, तुला मधल्या गटात घालतो."

"त्यांच्यामागे मी पाच किलोमीटरही टिकणार नाही."

"मग पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी माझा खुब्याचा सांधा बदलायचाय, अर्न. डॉक्टर म्हणतो, नंतर फक्त बागेत फिरा." डेसने हेल्मेटचा पट्टा सोडला. "राहू दे. मी चहाचं बघतो."

कोराली माझं हँडल धरून उभी होती, काखेत गुंडाळलेला झेंडा. तिची बोटं ब्रेकवर आवळली. मग तिने झेंडा अर्नच्या कागदावर ठेवला.

"वळणावर दुसऱ्या कुणाला पाठव," ती म्हणाली. "माझं नाव डेसच्या गटात घाल. वाऱ्यात माझी पाळी मी घेईन, आणि पाळी संपली की बाजूला होईन."