चार वाजताचा ब्लोअर

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एकाच गोष्टीवरून वाद होता: शेगडीला ब्लोअर लावायचा की नाही. शेगडी बैठकीच्या खोलीतली, लोखंडी, लाकडावर चालणारी. पुढे काचेचं दार आणि वर छतातून बाहेर गेलेलं धुराडं. ब्लोअर म्हणजे तिच्या पाठीला बसवायचा, चपलांच्या खोक्याएवढा पंखा. शेगडीमागची गरम हवा तो घरभर पोचवतो, असं वेष्टनावर लिहिलं होतं. तो मी आणला होता आणि तीन आठवडे तो कपाटावर पडून होता, कारण माझ्या सासऱ्यांना तो नको होता.

सासरे कोणी ऐरेगैरे असते तर मी एका दिवसात त्यांच्या गळी उतरवला असता. पण बाबांनी आयुष्यभर शेगड्याच बसवल्या. आसपासच्या निम्म्या घरांची धुराडी त्यांच्या हातची. लोक त्यांना धुराडेकाकाच म्हणतात. हवा कुठून कुठे जाते ते पाहायला पातळ कागदाची एक पट्टी अजूनही त्यांच्या खिशात असते. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी सांगितलेलं, की शेगडीला मोटर लावू नका, दारं उघडी ठेवा, ऊब आपली आपण पोचते.

"ब्लोअर शेगडीचं अंग गार करतो," ते मला म्हणाले. "लाकूड जरा ओलं असलं की धूर धुराड्यातच चिकटतो. त्याचं डांबर होतं. मग एक दिवस धुराडंच पेटतं."

"आपलं लाकूड दोन वर्षं वाळलंय, बाबा. तुम्हीच रचलंय."

"आवाजही होतो. शेगडी ऐकावी लागते."

"ती काय गाणं म्हणते?" मी म्हणाले. माझा राग नाकावरच असतो, त्याला फार लांबून यावं लागत नाही. नवरा माझा समजूतदार. तो दोघांचंही बरोबर आहे म्हणाला आणि लाकडं आणायला बाहेर गेला.

हा वाद नुसता पंख्याचा असता तर मीही सोडून दिला असता. पण पहिला बर्फ पडला त्या दिवशी सासूबाई मागच्या पायरीवर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या: खोली उबदार ठेवा आणि रोज वॉकर धरून चालवा, नाहीतर पाय आखडेल तो कायमचा. आईंची खोली बोळकांडीच्या टोकाला. संध्याकाळी मी कामावरून येऊन थर्मामीटर बघायची तर चौदा अंश.

मग माझ्या मोठ्या नणंदेचा फोन आला. "रविवारी येते," ताई म्हणाल्या. "खोली अठराच्या खाली असली किंवा आई चालत नसली, तर मी तिला घेऊन जाणार. माझ्याकडे प्रत्येक खोलीत हीटर आहे." त्यांचं काही चुकत नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

आईंनी ऐकून घेतलं आणि नंतर मला एकटीला म्हणाल्या, "हिवाळ्यापुरतं म्हणून नेतात गं. मग परत आणायचं राहूनच जातं. वॉर्डात फार पाहिलंय मी." त्या बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होत्या, चाळीस वर्षं. ताईंचं बोलणं बाबांच्याही कानावर गेलं होतं. त्यांनी कुऱ्हाड घेतली आणि अंगणात दोन हिवाळे पुरतील एवढी लाकडं फोडली.

गुरुवारी आमच्या टपाल कचेरीत पार्सलं वेगळी करायचं यंत्र बंद पडलं, म्हणून आम्हाला लवकर सोडलं. मी चारच्या सुमाराला घरात आले. बाबा शेगडीपाशी बुटक्या स्टुलावर बसले होते, पण आगीकडे पाठ करून, तोंड बोळकांडीकडे. बोळकांडीच्या टोकाला आईंच्या खोलीचं दार चक्क बंद.

"बाबा, दार बंद ठेवलं तर खोली तापणार तरी..."

त्यांनी बोट वर केलं. "आठ," ते हळूच म्हणाले.

मग मलाही ऐकू आलं. वॉकर टेकल्याचा ठोका, पाय ओढल्याचा आवाज आणि त्यामागून दाबून धरलेलं कण्हणं. आईंचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"नऊ," बाबा म्हणाले. बऱ्याच वेळानं, "दहा." मग "अकरा." पलंग करकरला आणि बाबांनी श्वास सोडला. "रोज चारला दार लावून घेते. रोज अकरा पावलं. बारावं अजून होत नाही."

"म्हणजे दार बंद असतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"मला नसेल तर कोणाला असेल?"

"मग त्यांना सांगत का नाही?"

"मला ऐकू जाऊ नये म्हणून लावते ती. ऐकू येतं म्हटलं तर चालणंच सोडेल." त्यांनी उगाच शेगडीची झडप थोडी सरकवली. "आणि तो पंखा घोंघावायला लागला की मला काही कळणार नाही. पडली तर?"

म्हणजे डांबर बाजूलाच राहिलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची कला या माणसाला चांगलीच येत होती आणि मी तीन आठवडे त्याच्याशी धुराड्यावरून भांडत होते.

मी चहा घेऊन आईंकडे गेले. खोली गार होती आणि त्या टॉवेलनं घाम पुसत होत्या.

"तो ब्लोअर कधी लावतेस?" त्यांनीच विचारलं. "आवाज करतो ना?"

"बराच करतो म्हणतात."

"मग लावच. म्हणजे दार उघडं ठेवून चालेन मी, ह्यांना ऐकू जाणार नाही."

"आई, वॉर्डात तुम्हीच सांगायचात ना, ओरडा गं, लाजता कशाला?"

"ते दुसऱ्यांना सांगायचं असतं." त्यांनी कप खाली ठेवला. "ह्यांनी एकदा ऐकलं ना, की मला त्रास होतो म्हणून हेच मला पाठवतील. स्वतः मागे राहतील आणि पाठवतील. मला ते नकोय."

माझी अडकित्त्यातली सुपारी झाली. एकाला जो आवाज नको होता, तोच दुसरीला हवा होता, आणि दोघांचीही कारणं एकमेकांच्या काळजीची. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या घराला ठाऊक आहे. तरी या वेळी मी गप्प राहिले, कारण हे सांगायचा हक्क माझा नव्हता. शनिवारी बाबांना एवढंच म्हणाले, "आई म्हणतात, ब्लोअर लावा."

"तिनं सांगितलं?"

"हो."

बाबा उठले. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले आणि जन्मभर लोकांना लावू नका म्हटलेली वस्तू त्यांनी अर्ध्या तासात बसवून दिली. चालू केल्यावर कागदाची पट्टी बोळकांडीच्या तोंडाशी वर धरली. ती आईंच्या खोलीच्या दिशेला फडफडली. "जातेय," असं ते म्हणाले, पण त्यात आनंद नव्हता.

रविवारी ताई आल्या. पर्समधून स्वतःचं थर्मामीटर काढून त्यांनी आईंच्या खिडकीत ठेवलं. तासाभरानं पारा एकोणीसवर होता. "ऊब आहे," त्या बैठकीत येऊन म्हणाल्या. "पण ती चालते का? मला खरं सांगा."

चार वाजले. आईंनी दार उघडंच ठेवलं. आम्ही चौघं बैठकीत बसलो होतो आणि ब्लोअरच्या घुंईपुढे आतलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. बाबांना स्टुलावरून फक्त पलंगाचं टोक दिसत होतं. गुडघ्यावर त्यांचं बोट एकदा हललं, दुसऱ्यांदा हललं आणि थांबलं. मोजायला त्यांच्यापाशी काहीच नव्हतं. ते वाकले आणि त्यांनी प्लग उपटला.

आईंचं कण्हणं घरभर ऐकू आलं आणि मध्येच तुटलं.

"वीज गेली का?" आतून प्रश्न आला.

"नाही. मी बंद केला."

प्लग अजून बाबांच्या हातातच होता.

"रोज अकरा होतात," बाबा मोठ्यानं म्हणाले. "आज किती झाली?"

"रोज म्हणजे?"

"रोज म्हणजे रोज."

"दार लावलेलं असताना?"

"धुराड्यात अडकलेलं पाखरू मला अंगणातून ऐकू येतं. तू तर बोळकांडीच्या पलीकडे आहेस."

"मग इतके दिवस थंडीत का बसू दिलंत मला?" आईंचा आवाज चढला होता.

"बोललो असतो तर तू चालणं सोडलं असतंस. आणि मग ही तुला घेऊन गेली असती." बाबांनी ताईंकडे बोट दाखवलं. "मला करमणार नाही इथं."

एवढं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. ताई उठून आत जायला निघाल्या तशी मी त्यांचा हात धरला.

"सात झाली होती," आई आतून म्हणाल्या. मग वॉकरचा ठोका आला आणि त्यापाठोपाठ त्या ओरडल्या, जशा त्यांच्या वॉर्डातल्या बायका ओरडत असतील तशा, कोणाची भीडभाड न ठेवता. आठ. नऊ. दहाव्याला त्यांनी शेगडीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अकरानंतर बराच वेळ काहीच झालं नाही. बाबा जागचे हलले नाहीत. मग वॉकरचे आणखी दोन ठोके पडले, दाराच्या चौकटीवर आधी आईंचा हात दिसला आणि मग त्या स्वतः, घामानं भिजलेल्या, चिडलेल्या.

"तेरा," बाबा म्हणाले.

"ऐकलंत ना सगळं? आता लावा तो. गार पडलंय."

बाबा पुन्हा खाली वाकले. जन्मभर हातात हत्यारं धरलेला माणूस, पण प्लग काही केल्या त्यांना बसवता येईना. तो मी बसवला.