सरांच्या आवाजाचा शेवटचा गुरुवार

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. मस्कतजवळच्या सीबमधल्या एका विद्यापीठात, तत्त्वज्ञान विभागाच्या सभागृहात माझी उमेदीची वर्षं गेली.

दर महिन्याच्या एका गुरुवारी संध्याकाळी तिथे जाहीर व्याख्यान असे. कुणीही यावं, ऐकावं, प्रश्न विचारावा आणि कहवा-खजूर घेऊन घरी जावं. हा पायंडा पाडला मूळच्या पुण्याच्या कृष्णकांत सरांनी. त्यांच्या पत्नी रेखाताई शेवटच्या रांगेत बसत आणि आवाज मागे पोचतोय की नाही, ते हातानं खुणावत. मला तेव्हा मोठा मान होता. सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, कापडाचं दुकान असलेले, कानानं अधू झालेले कासमचाचा कार्यक्रम संपला की माझ्या पाठीवर थाप मारूनच जात.

२०१५ साली सरांचा आवाज खालावत गेला. आजार असा होता की अंगातली ताकद थोडी थोडी ओसरत जाते. रेखाताईंचा हात दर व्याख्यानात वर जाऊ लागला. माझा आवाज आणखी वाढवला, तर मी नुसता शिट्ट्या मारू लागलो. विभागप्रमुख सकिना मॅडमनी पुढचं व्याख्यान रद्द करू, असं हळूच सुचवलं. सरांनी नकारार्थी मान हलवली. विषय जाहीर झाला होता: गेलेल्या माणसाला दिलेलं वचन पाळावं का?

त्या गुरुवारी सर बोलू लागले आणि पहिल्या रांगेलाही काही ऐकू येईना. लोक एकमेकांकडे बघू लागले. मग रेखाताई मागून उठून व्यासपीठावर आल्या. त्या कधी चार लोकांसमोर बोलल्या नव्हत्या. त्यांनी सरांच्या तोंडाशी कान नेला आणि सरांचं एकेक वाक्य माझ्यात सांगू लागल्या. हॉलमध्ये खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. सगळे पुढे येऊन बसले.

शेवटी कासमचाचांनी हिंदीत विचारलं, की जो गेला त्याला काय कळणार, वचन मोडलं तर बिघडलं कुठे?

सर मराठीत कुजबुजले. मी अगदी जवळ होतो, म्हणून मला ऐकू आलं. "त्याला कळणार नाही. तुला कळेल, रेखा."

हॉल वाट बघत होता. मग रेखाताई हिंदीत म्हणाल्या, "सर म्हणतात, जो मागे राहतो त्याला कळतं." आपलं नाव त्यांनी गाळलं. पदरानं डोळे टिपले आणि सरांचा हात धरून त्यांना खाली नेलं.

उन्हाळ्यात सर गेले. रेखाताई पुण्याला परतल्या. वर्षभरात पैशाअभावी व्याख्यानंही बंद पडली. आता मी स्टोअरमध्ये गुंडाळलेल्या वायरींखाली पडून आहे. माझी जाळी गंजली आहे. धूळ पुसायला कुणी येत नाही, त्याचं मला वाईट वाटतं. पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते त्या रिकाम्या गुरुवारांचं.

मित्रांनो, मी आयुष्यभर आवाज मोठे केले, तरी त्या संध्याकाळी सरांचा आवाज मला मोठा करता आला नाही. तुमच्या घरात कुणाचा आवाज बारीक झाला असेल, तर "मोठ्यानं बोला" म्हणू नका. जवळ जाऊन बसा.