खोडलेला सात

मित्रांनो, मी सुडोकूचा एक जुना चौकोन आहे. घरं एक्क्याऐंशी, पण तोंड लपवायला एकही नाही.

आमचं घराणं तसं नावाजलेलं. एका देशातल्या निवृत्त वास्तुविशारदाने आम्हाला जन्माला घातलं. दुसऱ्या देशाने नाव ठेवलं आणि वळणही लावलं. आधीच भरून दिलेले आकडे समोरासमोर जोडीने बसावेत, म्हणजे चौकट उलटी धरली तरी नक्षी तीच दिसते. हे झालं दिसणं. इभ्रत मात्र एकाच गोष्टीत: उत्तर एकच असलं पाहिजे.

मला रचणाऱ्या बाई भूगोल शिकवत. माझी चार घरं चार आणि सात यांनी दोन प्रकारे भरता येतात, हे शेवटी त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी त्यातल्या एका घरात पेनने सात लिहिला. त्याला समोर जोडीदार नव्हता. वर्तमानपत्रात पान लावणाऱ्या गृहस्थांना तो खुपला. हा मध्येच एकटा कशाला, असं पुटपुटत त्यांनी तो काढला. मी देखणा झालो आणि कामातून गेलो.

त्या सकाळी मी एका औषधविक्रेत्याच्या हाती पडलो. डोक्याच्या आजारातून उठलेला माणूस. मुलीला त्यांनी सांगून ठेवलं होतं की आज कोडं सुटलं, तर उद्यापासून मी दुकानात. चार सोडून सगळी रिकामी घरं त्यांनी झरझर भरली. उरलेल्या चारांपाशी दोन तास बसले. लिहिलं, खोडलं, कागद झिजला. अखेर अंदाजाने आकडे टाकले. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं, नेमकं उलटं.

आयुष्यभर कागदावर असेल तेच औषध दिलेला माणूस. छापलेलं चुकेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. दुकानाच्या किल्ल्या मुलीपुढे ठेवून ते म्हणाले, "अंदाजाने कोडं भरलं. उद्या गोळ्याही तशाच देईन." मी समोरच होतो. मला वाचा असती, तर मी तेव्हाच फुटलो असतो.

चौथ्या दिवशी दिलगिरी छापून आली, हरवलेल्या छत्रीच्या जाहिरातीखाली, दोन ओळींत. तोवर त्यांनी ते पान उघडणं सोडलं होतं, आणि मी दुकानातल्या खणात अंथरला गेलो होतो.

तीन वर्षांनी खण साफ करताना मुलीला वडिलांचं अक्षर दिसलं. तिने आकडे उलटसुलट करून पाहिले आणि मला घेऊन तशीच घरी गेली.

"बाबा, दोन्ही बरोबर आहेत. तुम्ही चुकला नव्हतात."

त्यांनी चष्मा लावून चारही घरं दोनदा तपासली. तिने किल्ल्या पुढे केल्या. त्यांनी त्या हळूच परत सरकवल्या.

"राहू दे. आता गिऱ्हाईक तुला ओळखतं."

माझ्यावर ते एका शब्दानेही रागावले नाहीत. तेच जास्त लागलं.

मित्रांनो, एखादा आकडा चौकटीत एकटाच उभा दिसला, तर खोडण्याआधी विचारा, तुला इथे कुणी आणि का उभं केलंय? आणि कोडं सुटलं नाही, तर स्वतःच्या डोक्याला दोष देण्याआधी एकदा माझ्याकडेही संशयाने बघा. मला राग येणार नाही.