खिडकीच्या गजांतून पुस्तक

शेवंताबाई भरल्या बुद्धविहारात बोलून बसल्या आणि आता माघार घ्यायला जागा उरली नव्हती. रायपूरच्या गुढियारी वस्तीतल्या त्या विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन चाललेलं. त्यात त्यांनी जाहीर केलं, की येत्या पौर्णिमेला कलाकेंद्रातल्या दगडी बाईबद्दल मी सांगीन.

दगडी बाई म्हणजे केंद्राच्या दालनातली जुनी मूर्ती. एक हात झाडाच्या फांदीला आणि चेहऱ्यावर असं निवांत हसू, जसं घरचे सगळे जेवून झोपलेत. खाली पाटी, 'विहाराच्या दारावरील स्त्री'. बस, एवढंच. विहाराच्या दारावर बाई काहून, हा प्रश्न शेवंताबाईंना झोपू देईना. नातू अश्विनला विचारलं, तर तो मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "आजी, यूट्यूब पे देख लो ना." दीपमालाताईंनी तर विहारात सगळ्यांदेखत टोमणा मारला, की शेवंता आत्ता आत्ता अक्षर शिकली अन् भाषणाला उभी राहून राहिली. शेवंताबाईंनी नुसता पदर सारखा केला.

केंद्राच्या ग्रंथालयात त्या मूर्तीवर मराठीत एक जाडजूड पुस्तक होतं. एकच प्रत. घरी न्यायची नाही, तिथेच बसून वाचायची. त्या बसल्या, वाचायला लागल्या आणि सगळ्या टेबलांवरच्या माना वर झाल्या.

त्याचं असं, की त्या वाचायला शिकल्याच मुळी विहारात. तिथे एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वाचणाऱ्या सुशीलाताईंना खेटून बसायचं, त्यांच्या बोटामागे डोळे न्यायचे, तोंडाने म्हणायचं. अशीच अक्षरं ओळखीची झाली. तोंड मिटलं की कागदावर नुसत्या मुंग्या.

ग्रंथपाल अच्युतराव, भोसल्यांच्या काळापासून रायपुरात मुरलेल्या घराण्यातले, चपला न वाजवता जवळ आले आणि म्हणाले, इथे बोलायला मनाई आहे.

"सर, मी बोलून नाही राहिली. वाचून राहिली."

"मग मनात वाचा ना, बाई."

"मनात आवाज येत नाही, सर. कानावर पडलं तरच मले समजते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पदर तोंडात धरून पाहिला. गुणगुण व्हायची ती झालीच, शेजारची पोट्टी उठून लांब जाऊन बसली. पुस्तक बागेत नेऊ द्या म्हटलं, तर अच्युतरावांनी शिवण उसवलेला पुठ्ठा दाखवला. एकाला बाहेर नेऊ दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल, मग हे पुस्तक पावसाळाभर टिकायचं नाही. शेवंताबाईंना ते पटलं. माणूस खरं बोलत होता, हीच तर पंचाईत.

त्या बागेत जाऊन डबा उघडून बसल्या. समोर वाचनालयाची भिंत, भिंतीला गजांची खिडकी, आतल्या बाजूला हातभर रुंद कट्टा. अर्धी पोळी तशीच ठेवून त्या आत गेल्या.

"सर, पुस्तक आत राहील. मी बाहेर जाते. मग तं झालं?"

अच्युतरावांनी चष्मा पुसला. आवाज खिडकीतून आत येणारच की, म्हणाले.

"रस्त्यावरचा ट्रक येते ना ऐकू? त्याले कुठं थांबवता तुम्ही?"

पुस्तक उचलून अच्युतरावांनी स्वतःच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

बाहेर माळी आडवा आला. खिडकीखाली नुकताच लावलेला तेरडा. "दीदी, क्यारी म गोड़ झन रखबे," वाफ्यात पाय नको म्हणून त्याने बजावलं. शेवंताबाई कुंपणाजवळच्या दोन विटा घेऊन आल्या, रोपांच्या मधल्या जागेत ठेवल्या, साडी खोचली आणि वर चढल्या. माळ्याने एक वीट हलते का पाहिली, पायाने दाबून घट्ट केली आणि मान डोलावून "हव" म्हणून निघून गेला.

गजांतून हात घालून त्यांनी पान उघडलं आणि खणखणीत वाचायला सुरुवात केली. जोडाक्षराशी अडलं की मागे जायचं, धाव घ्यायची, पुन्हा चढायचं. आत कुणी चुळबूळ केली, कुणी खुर्ची सरकवली. पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. वर मान करायला त्यांना सवड नव्हती.

"बाई, जरा हळू," आतून अच्युतराव म्हणाले. ते खुर्ची घेऊन कट्ट्याशी आले होते.

"आवाज लय होऊन राहिला का?"

"आवाज नाही. वेग. आत्ता काय वाचलंत, ती दारावर का उभी म्हणे?"

"थांबा ना, सर. मीच अजून तिथवर नाही पोचली," शेवंताबाई म्हणाल्या आणि पान उलटलं.