रेघ कुणी हलवली?

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. नवा रस्ता ज्याने आखला, त्याने तो खुला होईल त्या दिवशी घरच्या माणसाला शेजारी बसवून त्यावरून जायचं. ही रीत गुरुजींनी पाडली. गुरुजी म्हणजे आमचे मुख्य अभियंते. मला रस्ता वाचायला त्यांनीच शिकवलं, म्हणून हे नावही मीच ठेवलं.

तर त्या सकाळी माझ्या शेजारी आई होती. हायवेच्या अगदी आतल्या बाजूला माझी नवी टोल लेन, पैसे भरून वेगाने जाणाऱ्यांसाठी. तीत शिरायची जागा मी मुद्दाम बरीच पुढे ठेवली होती. पुलाच्या उतारावरून आलेल्या गाडीला मधल्या तीन लेन दमादमाने ओलांडता याव्यात, म्हणून. तोवर सलग पांढरी रेघ, शिरायला बंदी. या एका गोष्टीसाठी मी मीटिंगा डोक्यावर घेतल्या होत्या, आणि दरवेळी गुरुजी माझ्या बाजूने उभे राहिले होते.

आम्ही उतार संपवला आणि बघते तर रेघ तिथेच तुटलेली. वर फलक : टोल लेन इथून. पुढच्या गाडीने तो पाहिला आणि तिन्ही लेन आडव्या कापत आत घुसली. तिला वाचवायला टँकरवाल्याने करकचून ब्रेक मारला. टँकर आमच्यासमोर तिरका झाला. मी कशीबशी गाडी कडेला घातली.

आईने मागे वळून त्या फलकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे तू आखलंस?"

"नाही गं," म्हणताना मला रडूच आलं.

कंट्रोल रूममध्ये गुरुजी पडद्यांसमोर बसले होते.

"रेघ कुणी हलवली?"

"आधी बस. पाणी घे."

"कुणी हलवली?"

"मीच. एवढ्या पुढून कोण आत शिरणार, असं टोल कंपनीचं म्हणणं होतं. जरा मागे घेतली."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू ऐकलं नसतंस."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, त्याचीच जास्त चीड आली.

माझ्यामागून आई आत आली. "साहेब, तुमची मुलगीही आज येणार होती ना?"

गुरुजींनी पडद्यावरची नजर काढली नाही. "ती पुलाखालच्या रस्त्याने येतेय. मीच सांगितलं."

"वा! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!"

मी विचारलं, "मी आईला घेऊन याच उतारावरून येणार, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"हो," गुरुजी म्हणाले.

मी ऑपरेटरला लेन बंद करायला सांगितलं. तो गुरुजींकडे बघत राहिला. मग मी त्याचा हात बाजूला सारला आणि बटण स्वतःच दाबलं.