बुटुकला दिलेलं उत्तर

"सांगा बरं, मी कुठे लपलोय?"

टीव्हीतल्या पिवळ्या प्राण्यानं चिरक्या आवाजात विचारलं आणि डोळे मिचकावत तो बाहेर बघत राहिला. व्यंकटरावांनी पेपर खाली केला.

"पुनम, याचा आवाज कमी कर बरं. सकाळपासून डोस्कं उठवून राहिला."

"कमी केला की जाई रडते, बाबा," सून स्वयंपाकघरातून म्हणाली. "थोडाच वेळ. संपेल आता."

ते संपत नसे. एक भाग झाला की दुसरा लागे. चार वर्षांची जाई पुण्याहून सुट्टीला आली होती आणि टीव्हीपुढे मांडी ठोकून बसली होती. "झाडामागे," ती म्हणाली. पिवळा प्राणी आणखी थोडं थांबला, मग टाळ्या पिटत बाहेर आला. "बरोब्बर! तुम्ही किती हुशार!"

त्याचं नाव बुटुक. ना अस्वल, ना ससा. पोट गोल, डोळे ताटलीएवढे. प्रत्येक भागात तो लपायचा आणि कुठे लपलो ते विचारायचा.

व्यंकटरावांची सगळी नोकरी हिंगोलीच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत गेली होती. औंढ्याची गाडी लागली का, नांदेडची गेली का, सेनगावची आज येणार का न्हाई. माणसं दिवसभर विचारत आणि ते दिवसभर सांगत. घरी आल्यावर त्यांना कुणी काही विचारलेलं खपत नसे. द्वारकाबाईंनी हे लग्नाच्या पहिल्या वर्षातच ओळखलं आणि ताट वाढून गप्प बसायची सवय लावून घेतली. त्यांचा संसार असा कमी शब्दांत झाला. भांडण असं कधी झालं नाही.

बुटुकचा आवाज व्यंकटरावांनी एक वेळ सहन केला असता. त्यांना खुपे ते त्याचं थांबणं. प्रश्न विचारून तो थेट खोलीत बघत राही आणि त्या वेळात घरात कसलाच आवाज नसे. मग कुणी उत्तर देवो, न देवो, चूक देवो, तो बरोब्बर म्हणे. एकदा खोलीत कुणी नाही असं बघून व्यंकटराव त्याला म्हणाले होते, "तुझ्या बापाच्या डोक्यावर." बुटुकनं डोळे मिचकावले. "बरोब्बर! तुम्ही किती हुशार!"

तेव्हाही खोली रिकामी नव्हती. कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत द्वारकाबाई होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला होता. हातपाय सुधारले, धरून चालता येऊ लागलं, वाचा मात्र परतली नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल किंवा येणार नाही. तेव्हापासून त्या खुर्चीत बसून असत आणि व्यंकटराव त्या बसल्यात हे कधी कधी विसरून जात.

दुसऱ्या आठवड्यात पुनम जाईला घेऊन नागनाथाच्या दर्शनाला औंढ्याला गेली. व्यंकटराव जेवून आतल्या खोलीत आडवे झाले. ऊन रणरणत होतं. टीव्ही बंद करायचा राहून गेला होता आणि उठायचा कंटाळा आला.

"सांगा बरं, मी कुठे लपलोय?"

मग ते थांबणं. आणि त्या शांततेत एका बाईचा आवाज म्हणाला, "पेवात."

"बरोब्बर! तुम्ही किती हुशार!"

व्यंकटराव उठून बसले. आवाज स्पष्ट होता. बाईचा होता, पण बोलणं लहान पोरीचं होतं, शेवटचं अक्षर ओढून. ते बाहेर आले. द्वारकाबाई खुर्चीत तशाच होत्या, हात मांडीवर, ओठ मिटलेले. पडद्यावर बुटुक नाचत होता.

"तू काही बोलली का?" त्यांनी विचारलं.

त्या त्यांच्याकडे बघत होत्या आणि बघतही नव्हत्या.

झोपेत काहीतरी ऐकलं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पण दुसऱ्या दिवशी जाई शेजारी खेळायला गेल्यावर ते टीव्ही चालू ठेवून मुद्दाम आतल्या दाराच्या पडद्याआड उभे राहिले. बुटुक या वेळी पिंपामागे लपला होता. त्याचा पिवळा कान स्पष्ट दिसत होता. त्यानं विचारलं आणि तो थांबला.

"पेवात हाईस," द्वारकाबाई म्हणाल्या. "मला ठावं हाये, जळबा. पेवात हाईस तू."

बायको बोलली याचा व्यंकटरावांना आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. जळबा नावाचं कुणीही त्यांना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत हे नाव त्यांनी तिच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं.

सुनेला त्यांनी काही सांगितलं नाही. काय सांगायचं हेच कळत नव्हतं. रविवारी मुलगा विश्वजीत येऊन दोघींना पुण्याला घेऊन गेला आणि व्यंकटरावांनी सर्वात आधी टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद केलं. घर शांत झालं. याच शांततेसाठी ते पंधरा दिवस कुरकुरत होते.

त्या दुपारी ते पेपर वाचत बसले होते. लाइट गेलेली, पंखा थांबलेला. टीव्हीची काच काळी होती.

"पेवात," द्वारकाबाई म्हणाल्या.

व्यंकटरावांनी हळूच मान वळवली. त्या काळ्या काचेकडे बघत होत्या. थोडा वेळ गेला. कुणी समोर बोलत असावं आणि ते ऐकावं तशी त्यांनी मान कलती केली, मग मानेनंच नाही म्हटलं. "न्हाई, विहिरीत न्हाई. पेवात." पुन्हा ऐकणं. मग त्या हसल्या, बारीक, ओढणी तोंडात धरून पोरी हसतात तशा. व्यंकटरावांनी पेपर बाजूला टाकला. ते उठून अंगणात गेले आणि लाइट येईपर्यंत लिंबाखाली उभे राहिले.

तिथूनच त्यांनी पुसेगावला फोन लावला. शकुबाई ही द्वारकाबाईंची थोरली बहीण. माहेरी मुलगा नव्हता म्हणून तिच्या नवऱ्याला घरजावई करून घेतलं होतं. तो गेला, आणि आता तिचा मुलगा वैजनाथ तिथली शेती बघत होता.

"अक्का, जळबा कोण?"

पलीकडे शकुबाईचा आवाज एकदम खाली आला.

"तुमाला कुणी सांगितलं?"

"द्वारकानं."

"द्वारकी बोलली?"

"बोलून राहिली. पर माझ्याशी न्हाई."

शकुबाईनं खाकरून घसा साफ केला. "आमचा भाऊ. द्वारकीच्या पाठचा. घरात आमी त्याचं नाव घेत न्हाई, भावजी. माईनं शपथ घातली व्हती." मग ती हळूहळू सांगत गेली. अंगणात पेव होतं, जमिनीत खोल खणलेलं, वरून माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. त्यात ज्वारी ठेवत. त्या दिवशी ज्वारी काढायची म्हणून वरचा दगड सरकवला होता आणि गडीमाणसं जेवायला गेली होती. दोघं भावंडं लपाछपी खेळत होती. राज्य द्वारकावर होतं.

"आतली हवा कशी जीवघेणी असती तुमाला ठावं हाये. उतरला, त्यो उतरलाच. समदं गाव धुंडून राहिलं. विहिरीत गळ टाकले, नाल्याला मानसं गेले. ही समद्यांच्या धोतराला धरून सांगून राहिली, पेवात हाये म्हणून. एवढुशा पोरीचं कोण ऐकतं? गप बस म्हणून बापानं एक थोबाडीत दिली. सकाळी ज्वारी काढायला मानसं उतरली, तवा गावला."

"मंग?"

"हिला शेजारच्या घरात कोंडून ठेवलं. हिनं काहीच पाह्यलं न्हाई. जळबा मावशीकडं गेला म्हणून सांगितलं. तिनं बी पुन्ना कवा इचारलं न्हाई."

व्यंकटराव आत आले. द्वारकाबाई काळ्या काचेपुढे बसल्या होत्या. त्यांनी दुसरी खुर्ची ओढून शेजारी ठेवली. किती वर्षांनी ते तिच्याशेजारी असे बसले होते कोण जाणे. मग त्यांनी स्वतःच टीव्ही लावला आणि बुटुकचं चॅनल शोधून काढलं.

"सांगा बरं, मी कुठे लपलोय?"

"पेवात."

"बरोब्बर! तुम्ही किती हुशार!"

या वेळी व्यंकटराव बुटुककडे नव्हे, बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते. बरोब्बर ऐकताच ती उजळली. खुर्चीच्या कडेला सरकली, पुढे झुकली, जणू आता कुणीतरी उठणार होतं. बुटुक गाणं म्हणू लागला. रंगीत फुगे उडाले. ती हळूहळू मागे टेकली आणि चेहरा पुन्हा मिटला. पुढच्या भागात तेच झालं. त्याच्या पुढच्या भागातही तेच. त्या प्राण्यावर व्यंकटराव पंधरा दिवस चिडले होते, पण इतका राग त्यांना त्याचा कधी आला नव्हता. त्यांनी आवाज पूर्ण बंद केला.

"द्वारका," ते म्हणाले. "जळबा कुठं हाये?"

त्या वळल्या. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"पेवात."

"बराबर हाये," व्यंकटराव म्हणाले. "पेवातच हाये."

त्या वाट बघत राहिल्या. मग अगदी साध्या सुरात, चूल पेटवायची आठवण करावी तसं म्हणाल्या, "मंग काढा की त्याला. अंधारात हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं पुसेगावला गेले. अंगणभर शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि हवेला तिचा मातकट वास होता. व्यंकटरावांनी पेव कुठे होतं ते विचारलं. शकुबाईनं गोठ्याच्या कडेला बोट दाखवलं आणि पदर तोंडाला लावला.

"उघडायचं हाये," ते म्हणाले.

वैजनाथ गोंधळला. "काका, त्यात काय हाये आता? लई वर्सांचं बुजवलेलं."

"द्वारकाला पाह्यचं हाये."

"मावशीला कळतं का काही? उगी उन्हाचं..."

व्यंकटरावांनी भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली, टोपी काढून शकुबाईच्या हातात दिली आणि घाव घातला. जन्मभर खिडकीत बसलेला माणूस. तिसऱ्या घावाला धाप लागली. वैजनाथनं थोडा वेळ पाहिलं, मग पुढे होऊन त्यांच्या हातातली कुदळ घेतली.

माती निघाली. खाली फरशीचा दगड लागला. वैजनाथनं पहार घालून तो उचकटला तेव्हा आतून ऊबदार, आंबूस वाफ वर आली आणि गोठ्यातल्या म्हशी एकदम उभ्या राहिल्या. पेव भरलेलं नव्हतं. दगडाखाली पोकळीच होती. वैजनाथनं कंदील पेटवून दोरीनं आत सोडला. ज्योत दोन हात खाली गेली, निळी झाली आणि विझली. त्यानं दोरी वर ओढली. "कुणी वाकू नका," तो हळू आवाजात म्हणाला.

द्वारकाबाई शकुबाईचा हात सोडून पुढे आल्या. व्यंकटरावांनी त्यांना दंडाला धरून कडेपासून लांब थांबवलं. भर दुपारी त्या तोंडातला अंधार हलत असल्यासारखा वाटत होता.

कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. व्यंकटराव पुढे झाले. बसस्टँडवर गाडी पुकारायचा तो त्यांचा आवाज, निवृत्तीनंतर त्यांनी तो कधी वापरला नव्हता.

"जळबा," त्यांनी हाक मारली. "ये बाबा भाईर. द्वारकानं तुला हुडकलं. खेळ संपला."

हाक आत गेली आणि परत आली नाही. शकुबाई रडू लागली. द्वारकाबाई रडल्या नाहीत. त्या अंधाराच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मग त्यांची नजर सावकाश वर आली. दगडाच्या कडेपासून अंगणात. हळदीवरून. स्वतःच्या पायांपाशी. त्यांनी उजवा हात खाली, मांडीच्या उंचीवर नेला आणि बोटं मिटली.

म्हशी खाली बसल्या. वैजनाथनं दगड जागेवर सरकवला.

शकुबाईनं जेवायला थांबायचा आग्रह केला, पण द्वारकाबाई फाटकाकडे चालू लागल्या होत्या. त्यांची चाल आता बारीक पावलांची होती, सोबतच्याला जमेल अशी. फाट्यावर उन्हात उभ्या असताना त्यांनी दुसऱ्या हातानं पदर पसरून शेजारच्या रिकाम्या जागेवर सावली धरली. व्यंकटराव बघत राहिले.

हिंगोलीची गाडी आली. बाजाराचा दिवस होता, गर्दी होती, तरी मागे तिघांचं एक बाकडं मिळालं. द्वारकाबाई खिडकीशी बसल्या, मग थोड्या आत सरकल्या आणि मधे जागा सोडली. व्यंकटराव कडेला टेकले. गाडी सुटली. त्या खिडकीबाहेर बोट दाखवून हळू आवाजात सांगू लागल्या. ही विहीर. ही चिंच. ते मारुतीचं देऊळ. मधेच थांबत, ऐकत आणि पुन्हा सांगत.

पुढच्या थांब्यावर पिशव्या घेतलेला एक माणूस चढला. उभ्या लोकांतून वाट काढत तो त्यांच्या बाकड्याशी आला आणि मधल्या जागेकडे बघून म्हणाला, "मामा, इथं कुणी हाये का?"

व्यंकटरावांनी त्या जागेकडे पाहिलं. मग त्या माणसाकडे.

"व्हय," ते म्हणाले. "हाये."